पहिली आरसी गाडी कोणती घ्यावी? (मुलगी १० वर्षांची, बजेट १२-१३ हजार)

दुसरी_चावी | ९ सप्टेंबर, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे रिमोटच्या तीन गाड्या गेल्या. पहिलीचं पुढचं चाक आठवड्यात लुळं पडलं. दुसरी एक दिवस चार्जच होईना. तिसरीचे दिवे लागतात, मोटर फिरते, पण ती फक्त उजवीकडे वळते. लेकीने तिन्ही उघडून ठेवल्या आहेत, स्क्रू सगळे श्रीखंडाच्या डब्यात. परवा तिने साठवलेले चार हजार माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "आई, खेळण्याच्या दुकानातली नको, खरी आण."

तर खरी म्हणजे कोणती? दोन रात्री व्हिडिओ बघून डोकं फिरलंय. १/१०, १/१४, १/१८, ब्रश्ड, ब्रशलेस, २एस, ३एस. चालवायला जागा म्हणजे सोसायटीचं पार्किंग (पेव्हर ब्लॉक, मध्ये दोन गतिरोधक) आणि रविवारी जवळचं मैदान, माती आणि बारीक खडी. आम्ही पुण्यात, कोथरूडला. भाऊ दिवाळीला कॅलिफोर्नियाहून येतोय, त्याला आणायला सांगू का? आणि नवऱ्याचं म्हणणं, त्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या पेटतात, घरात नकोत. हे कितपत खरं?

आगाऊ_कार्टा | ९ सप्टेंबर, रात्री ११:१४

ब्रशलेस मोटरची घ्या, डोळे झाकून. आत घासणारे ब्रश नसतात, ताकद जास्त. ब्रश्डवर पैसे घालवू नका, महिन्यात कंटाळा येईल. नंतर ३एस, म्हणजे तीन सेलची बॅटरी टाकली की ताशी ७०-८० किमी सहज.

संध्याछाया_कट्टा | ९ सप्टेंबर, रात्री ११:२०

पार्किंगमध्ये ७०? बंपर कुणाचा आणि शिव्या कुणाला?

पाना_पक्कड | १० सप्टेंबर, सकाळी ७:०५

ताई, तुमच्या लेकीने प्रश्न बरोबर विचारलाय, त्यामुळे जरा लांबण लावतो. पिंपरीत टूलरूमला आहे, बारा वर्षं या नादात आहे.

तुमची तिसरी गाडी फक्त उजवीकडे का वळते? खेळण्यातल्या गाडीत वळवण्यासाठी एक छोटी मोटर आणि स्प्रिंग असते. पूर्ण डावं, पूर्ण उजवं आणि मध्यभागी, एवढ्याच तीन अवस्था. त्यातला एक दात किंवा एक तार गेली की एक बाजू मेली. आणि तो दात कुठेच मिळत नाही, कारण तो विकायला कुणी बनवलेलाच नसतो. हॉबीच्या गाडीत तिथे सर्व्हो असतो. रिमोटचं चाक जेवढं फिरवाल तेवढीच पुढची चाकं वळतात, थ्रॉटलही तसाच. बोटाने जेवढं दाबाल तेवढंच. आणि मुख्य म्हणजे रिसीव्हर, सर्व्हो, मोटर, वेग सांभाळणारा ईएससी, हे सगळं सुटं बदलता येतं. खरी म्हणजे ही.

आता घेण्याआधी एक काम करा. जी गाडी मनात भरेल तिच्या नावापुढे "फ्रंट लोअर सस्पेन्शन आर्म" (पुढचं चाक धरणारा खालचा दांडा) लिहून भारतातल्या विक्रेत्यांकडे शोधा. जोडी दोनतीनशेच्या आसपास, स्टॉकमध्ये दिसली तर पुढे वाचा. "परदेशातून, ४५ दिवस" असं दिसलं तर ती गाडी कितीही देखणी असो, सोडा. पहिल्या महिन्यात तोच तुकडा तुटणार आहे. कुंडी, कठडा, दुचाकीचा स्टँड, काहीतरी आडवं येतंच.

मापाबद्दल. १/१८ म्हणजे खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्श्याएवढी. ती आणि त्याहून लहान गाड्या खडीत अडखळतात, पेव्हर ब्लॉकच्या फटींवर नाचतात. १/१० तुमच्या मैदानाला उत्तम, पण नवी चांगली १/१० या बजेटच्या बाहेर जाते. मधलं १/१४ किंवा १/१६ बघा. डब्ल्यूएलटॉइजची १४४००१ ही वर्षानुवर्षं नवख्यांच्या हातात दिसते ती उगाच नाही: १/१४ मापाची बग्गी (मातीत पळणारी गाडी), चारही चाकांना ताकद, खाली अॅल्युमिनियमची पट्टी, ५५० साइजची ब्रश्ड मोटर, २एस १५०० एमएएचची बॅटरी. एका चार्जवर दहा-बारा मिनिटं. कमी वाटतं, पण जोडीला अजून एक पॅक घेतला की पोराचं समाधान होतं. एमजेएक्सच्या हायपर गो मालिकेतल्या १/१६ गाड्या ब्रशलेस आहेत, त्याही या बजेटच्या आसपास दिसतात. भाग मात्र आधी शोधा. माझं रेकॉर्ड तिथेच अडकणार.

कार्ट्या, तुझ्यासाठी हिशेब. ४० किमीचा वेग म्हणजे सेकंदाला ११ मीटर. ताईंचं पार्किंग फार तर ३० मीटर लांब असेल. पावणेतीन सेकंदांत ते संपतं. ७० चं काय करायचं तिथे?

आगाऊ_कार्टा | १० सप्टेंबर, सकाळी ९:४०

थ्रॉटल कमी ठेवता येतो की काका. रिमोटवर ५०-७५-१०० चा स्विच असतो किंवा गोल बटण. ब्रशलेस ५० वर चालवा, पुढे वाढवा. मोटर एकदाच घ्यायची.

पाना_पक्कड | १० सप्टेंबर, सकाळी ९:५८

हे मान्य. स्विच असेल तर ब्रशलेसला माझा विरोध नाही. फक्त पोरगी नसताना तो स्विच १०० वर कोण ढकलतं, ते प्रत्येक घरी माहीत असतं.

दुसरी_चावी | १० सप्टेंबर, सकाळी १०:११

आमच्या घरी ते मीच करणार बहुतेक :)

निवृत्त_फिटर | १० सप्टेंबर, दुपारी ३:३०

पोरगी तीन गाड्या उघडून बसली आहे आणि तुम्ही तिला जोडलेली गाडी देताय? ताई, किट घ्या, किट.

तामिया ही जपानची, शिझुओकाची कंपनी. त्यांची पहिली रिमोटची गाडी १९७६ ची, पोर्शे ९३४, १/१२ मापाची. मॉडेल हुबेहूब करायचं म्हणून त्यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि कारखान्यात पूर्ण सुटी केली. त्या वेडातून पुढे १९८४ ला ग्रासहॉपर आली. साधी टपासारखी प्लास्टिकची चेसिस, मागच्या दोनच चाकांना ताकद, ३८० ची छोटी मोटर. नवशिक्यांसाठीच काढलेली. २००५ मध्ये त्यांनी ती पुन्हा बाजारात आणली. पळण्यात आजच्या गाड्यांपुढे ती काहीच नाही. पण पुस्तिकेतली एकेक पायरी बघत दहा वर्षांचं मूल दोन रविवारांत उभी करतं, आणि जिने स्वतः जोडली तिला ती दुरुस्त करायला शिकवावं लागत नाही.

दोन सूचना. एक, बहुतेक किटमध्ये रिमोट, सर्व्हो, बॅटरी, चार्जर वेगळं घ्यावं लागतं, त्यामुळे डब्यावरची किंमत बघून हुरळू नका. दोन, स्क्रूड्रायव्हर. जपानी स्क्रूची खाच आपल्या साध्या फुलीपेक्षा वेगळी असते, त्याला जेआयएस म्हणतात. साधा घातला की डोकं गोल झालंच म्हणून समजा. मी पहिल्या दिवशी चार घासले, मग शांतपणे बाजारात गेलो.

आणि किटमध्ये बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचे बुश असतात तिथे खरे बेअरिंग टाका. ५ बाय ११ बाय ४ मिलिमीटर, बेअरिंगवाल्याला "एमआर ११५" म्हटलं की देतो. मातीत प्लास्टिकचे बुश पानतंबाखूसारखे चघळले जातात.

वऱ्हाडी_ठेचा | १० सप्टेंबर, संध्याकाळी ६:१२

काका, किटचं खरं आहे, पण एकूण बिल बजेटच्या वर जाते बाप्पा. पहिली गाडी तयार घ्या, दुसरी किट. आमच्याकडे अकोल्यात मे महिन्यात अजून एक गोष्ट शिकलो: एक बॅटरी संपली की लगेच दुसरी लावू नका. ब्रश्ड मोटर इतकी तापते की बोट ठेववत नाही. पंधरा मिनिटं थांबा, पाणी प्या, मग लावा. मी थांबलो नाही. मोटरमधून आधी गोडसर वास आला, मंग धूर.

मी_फक्त_विचारतो | १० सप्टेंबर, रात्री ८:४५

तेरा हजार? दहा वर्षांच्या मुलीला? एवढ्यात चांगली सायकल येते, व्यायाम होतो, मोकळी हवा मिळते. आमच्या वेळी

दुसरी_चावी | १० सप्टेंबर, रात्री ८:५१

सायकल आहे. तिचंही मागचं चाक ती उघडून बसली होती.

लालमाती | ११ सप्टेंबर, सकाळी ६:३०

रत्नागिरीहून. सगळे वेगावरच बोलतायत, म्हणून उलट बाजू.

मी पहिली गाडी क्रॉलर घेतली. क्रॉलर माणसाच्या चालीने चालतो, पण समोर दगड असेल तर त्यावर चढतो. अॅक्शियलची एससीएक्स२४ म्हणजे १/२४ माप, दोन्ही तळव्यांवर मावते. ट्रॅक्ससची टीआरएक्स-४एम १/१८ ची, २०२२ ला आली, पण ती तुमच्या बजेटच्या पलीकडे. डब्ल्यूपीएलचे छोटे ट्रक स्वस्तातले, ते घेऊन मुलं भाग बदलत बसतात, तोच खेळ होतो. आमच्याकडे विहिरीच्या काठाला जांभ्याचा ढीग पडलेला असतो. तो आमचा डोंगर. चौरस कापलेला चिरा, त्याच्या भोकांमध्ये टायर अडकतो, मग मागे घ्या, थोडं डावीकडून, पुन्हा. एका चिऱ्यावर अर्धा तास जातो आणि बॅटरी अजून शिल्लक असते.

एक लक्षात ठेवा: क्रॉलरचे डिफरन्शियल बहुधा बंद केलेले असतात, म्हणजे दोन्ही चाकं सारखीच फिरतात. म्हणून तो चढतो. आणि म्हणूनच वळायला त्याला मोठी जागा लागते, सपाट पार्किंगमध्ये तो कंटाळवाणा वाटेल. घरात उशा, पुस्तकं, पाट रचून रस्ता केला तर पावसाळ्यात मात्र याला तोड नाही.

पाना_पक्कड | ११ सप्टेंबर, सकाळी ७:४८

लालमाती, तुमच्या जांभ्याने माझा सकाळचा चहा गार केला. पण ताईंच्या लेकीला पळवायची आहे असं वाटतं. ताई, एकदा तिलाच विचारा: पळवायची की चढवायची?

दुसरी_चावी | ११ सप्टेंबर, दुपारी १:२०

विचारलं. "उडवायची." गतिरोधकावरून.

पाना_पक्कड | ११ सप्टेंबर, दुपारी १:३२

मग बग्गी. विषय संपला.

फ्रिमाँटकर | ११ सप्टेंबर, रात्री ११:०५ (इथे सकाळ)

भावाकडून मागवण्याबद्दल. इथे गाडी स्वस्त आणि हॉबीच्या दुकानात भाग हाताशी, हे खरं. पण ती गाडी भारतात आल्यावर तिचा तुटलेला आर्म पुन्हा इथूनच जाणार. पानाकाकांचाच नियम लावा.

भावाला त्रास द्यायचाच असेल तर चांगले हेक्स (षटकोनी टोकाचे) स्क्रूड्रायव्हर सांगा. आणि बॅटरी सांगितलीच, तर ती चेक-इन बॅगेत टाकायची नाही, हातातल्या सामानातच न्यायची. सुट्या लिथियम बॅटरीला १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण येत नाही. हिशेब सोपा: ७.४ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-अवर म्हणजे ३७. तुमची १५०० एमएएचची तर ११. टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या पिशवीत. चार्जर आणणार असाल तर पाठीमागे १००-२४० व्होल्ट लिहिलंय ना ते बघायला सांगा. इथले काही फक्त ११० चे असतात, पुण्याच्या प्लगमध्ये घातले की दिवाळी.

संध्याछाया_कट्टा | १२ सप्टेंबर, सकाळी १०:००

परदेशी साइटवरून थेट मागवायचं असेल तर कस्टमचा विचार करा. खेळण्यांवरची मूळ ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के केली, २०२३ ला ७०. पुढचे बदल मागवण्याच्या दिवशी बघून घ्या. माझ्या ओळखीत एकाने गाडी स्वस्त म्हणून मागवली आणि सोडवताना तेवढेच पैसे पुन्हा भरले.

पाना_पक्कड | १२ सप्टेंबर, रात्री ९:३०

राहिला लिपोचा प्रश्न. नवरोबांची भीती खोटी नाही, पण तिला उपाय आहे.

२एस म्हणजे दोन सेल. पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट, त्यापुढे जाऊ द्यायचं नाही. ते काम बॅलन्स चार्जर, म्हणजे प्रत्येक सेल सारखा भरणारा चार्जर, करतो. १५०० एमएएचच्या पॅकला दीड अँपिअरने चार्ज करा, घाई नको. चार्जिंगला लावून झोपायचं नाही, बाहेर जायचं नाही. आमच्याकडे नियम असा: किचनच्या ओट्यावर, दगडावर, आजूबाजूला काही नाही, आणि घरातलं एक माणूस त्याच खोलीत. पोराने चार्जिंग एकट्याने करायचं नाही. आठवडाभर चालवायची नसेल तर पॅक भरून ठेवू नका आणि रिकामाही ठेवू नका, सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास सोडा. फुगला, पुरीसारखा टम्म झाला, की वापर बंद. टोचायचा नाही, कचऱ्यात टाकायचा नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचा. आणि गाडी थांबायला लागली, दम सोडायला लागली, की "अजून एक फेरी" नाही. तीच एक फेरी बॅटरी मारते.

तरीही मन धजत नसेल तर निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीची गाडी घ्या. सहा सेल, ७.२ व्होल्ट. जड आणि सुस्त, पण जास्त माफ करणारी. आमच्या बाबांनी मला २७ मेगाहर्ट्झच्या जमान्यात त्याच दिल्या होत्या. तेव्हा शेजारच्याचा रिमोट त्याच क्रिस्टलचा, म्हणजे त्याच फ्रीक्वेन्सीचा निघाला की तो माझी गाडी चालवायचा. आता २.४ गिगाहर्ट्झमुळे मैदानात दहा गाड्या सुखाने धावतात. पोरांना ती मजा गेली म्हणायची.

लालमाती | १२ सप्टेंबर, रात्री १०:१५

अजून एक. आधी रिमोट सुरू, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. उलटं केलं आणि गाडीने उचल खाल्ली तर ती थेट शेजाऱ्याच्या पायात.

आणि रिव्हर्स. बऱ्याच गाड्यांत मागे ढकललं की आधी ब्रेक लागतो, सोडून पुन्हा ढकललं की रिव्हर्स. मी पहिल्या दिवशी गाडी बिघडली म्हणून परत पाठवायला निघालो होतो.

दुसरी_चावी | २ ऑक्टोबर, रात्री ९:१८

मंडळी, आली. १/१४ ची बग्गी, चारही चाकांची, ब्रश्ड. सोबत एक जास्तीची बॅटरी, पुढच्या आर्मच्या दोन जोड्या आणि एक छोटा बॅलन्स चार्जर. बजेट हजारभर ओलांडलं, ते तिच्या चार हजारांतून घेतले नाहीत.

पहिले दोन दिवस समोरून येणारी गाडी उलटीच वळत होती. गाडी आपल्याकडे तोंड करून आली की डावं-उजवं बदलतं, हे कळतं पण हाताला कळत नाही. मग तिने आम्हा दोघांच्या चपला पार्किंगमध्ये दहा पावलांवर ठेवल्या आणि त्यांच्याभोवती आठचा आकडा काढत बसली. स्विच ५० वर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एकदाही चप्पल न हलवता पाच आठ झाले. नवऱ्याने घेतली आणि पहिल्याच फेरीत स्वतःचीच चप्पल गटाराच्या जाळीपर्यंत नेली.

चौथ्या दिवशी कुंडी. पुढचा डावा आर्म, पानाकाकांनी लिहिलेला तोच. कुंडीलाही चीर गेली, तिचे पैसे आम्ही दिले. मी फेविक्विक काढलं होतं, तर म्हणाली, "ते टायर रिमला चिकटवायला चालतं आई, इथे नाही. आर्म आहेत ना." चाकाचा नट काढला, शॉक अॅब्सॉर्बरचा स्क्रू काढला, मग आर्ममधून जाणारी बारीक लोखंडी पिन ओढली, ती हातातून सुटली आणि घरंगळत खालच्या काकांच्या गाडीखाली. मोबाइलचा टॉर्च लावून वीस मिनिटं शोधली. आता ती स्क्रू काढायच्या आधी ताटात चुंबक ठेवते.

एक प्रश्न मात्र आहे. कालपासून जोरात सुटताना मागून कर्रर्र आवाज येतोय. सरळ चालताना नाही, फक्त एकदम थ्रॉटल दिला की. गेलं का काही?

आगाऊ_कार्टा | २ ऑक्टोबर, रात्री ९:२५

अभिनंदन! ब्रशलेस घेतली असती तर

पाना_पक्कड | २ ऑक्टोबर, रात्री ९:४१

कार्ट्या, थांब.

ताई, बहुधा गियरचं मेश, म्हणजे दातांची पकड, सैल झालंय. मोटरच्या टोकाला छोटं पिनियन असतं, ते मोठ्या स्पर गियरमध्ये बसतं. कुंडीच्या धक्क्याने मोटर केसभर मागे सरकली असणार, दात दातांवरून उडी मारतात, तोच आवाज. असंच चालवलं तर स्पर गुळगुळीत होईल, म्हणून आजच करा. बॅटरी काढा. मोटरचे दोन स्क्रू थोडे सैल करा. वर्तमानपत्राच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी दोन्ही गियरच्या मधून घाला, पिनियन स्परवर दाबून धरा, स्क्रू आवळा. मग चाक हाताने फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांच्या घड्या स्वच्छ उमटायला हव्यात, कागद फाटता कामा नये. फाटला तर फार घट्ट. मोटरचे स्क्रू धातूत बसत असतील तर निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) थेंबभर लावा. प्लास्टिकला लावू नका, तडकतं.

दुसरी_चावी | ३ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:०२

(आईच्या आयडीवरून लिहितेय.) पाना काका, पहिली पट्टी फाटली. दुसरी नाही फाटली, त्यावर बारीक बारीक रेघा आल्या, अकॉर्डियनसारख्या. आवाज गेला. पट्टी मी वहीत चिकटवली आहे. आता जुन्या तिसऱ्या गाडीची मोटर चालू आहे, तिचं काही करता येईल का? तिचं स्टीअरिंगचं मी बघितलं, खरंच एक दात तुटलाय.

पाना_पक्कड | ३ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१०

सर्व्होला किती तारा येतात ते मोज आणि सांग. तीन असतील तर खूप काही करता येईल. पाच असतील तर सर्व्होचा मेंदू सर्किटवर बसलाय, बाहेरचा साधा सर्व्हो थेट चालणार नाही, मग जरा डोकं लावू.

दुसरी_चावी | ३ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१४

सर्व्हो नाहीये काका, छोटी मोटर आणि स्प्रिंग आहे. तुम्हीच वर लिहिलंय.

पाना_पक्कड | ३ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१६

बरोबर. माफ कर. उद्या मोटरचा फोटो टाक, फूटपट्टी शेजारी ठेवून.